अकरा नंबरचं उलटं प्रवाळ

१२ ऑक्टोबर

रेत्नोबाईंनी दिलेल्या या वहीत पुढून प्रवाळांची मापं लिहायची आहेत. मागची पानं कोरीच राहणार, म्हणून इकडून घरातलं लिहायला घेतलंय. हापिसा हसली. म्हणाली, "सहावीत शाळा सोडल्यापासून तू बाजाराची यादीसुद्धा लिहिली नाहीस. आता एकदम दोन्ही बाजूंनी वही?" हसू दे. आठवा महिना सरत आलाय तिचा, या दिवसांत बायको हसते आहे हेच खूप.

काम सोपं आहे. गावाच्या पूर्वेला खडक जिथे खोल उतरतो, तिथली वीस अळंबी-प्रवाळं मला नेमून दिलीत. शेजारी वाळूत नंबराची खुंटी. दर तीन दिवसांनी बुडी मारायची, रुंदी मोजायची, रंग लिहायचा, जागेवरून हललं का बघायचं. रेत्नोबाई समुद्र-कार्यालयाच्या, शहरातल्या. जाताना तीनदा बजावून गेल्या, "आन्दार, काहीही झालं तरी हात लावायचा नाही." आम्ही बाजो, समुद्रात खांबांवर घरं बांधून राहणारे. बाजो माणसाने पाण्यात जाऊन हात लावायचा नाही म्हणजे लग्नघरी जाऊन जेवायचं नाही, तसंच झालं. पण शब्द दिलाय.

जन्मापासून ही प्रवाळं पायाखाली आहेत, नीट बघितली कधीच नव्हती. आकार जेवणाच्या ताटाएवढा. मधोमध एक चीर, तेच तोंड. तोंडापासून कडेपर्यंत पातळ पाती उभी लावल्यासारखी, आणि प्रत्येक पात्याला बारीक दात. बाईंनी एक मेलेलं, वाळलेलं उलटं करून दाखवलं. खालून सगळे काटे, आणि मधे एक वण. लहानपणी तिथे देठ असतो म्हणे. पिल्लू देठावर उभं राहून खडकाला धरून वाढतं, आणि पुरेसं मोठं झालं की देठ सुटतो. मग ते जन्मभर मोकळं, वाळूवर नुसतं टेकलेलं. बाकीची प्रवाळं हजारो तोंडांची असतात, हे मात्र एवढं मोठं असून एकच जीव, एकच तोंड.

हे मी जेवताना सांगितलं तर उआ म्हणाले, "एकच तोंड? मग जावई नाही तो. जावयाला किमान दोन असतात."

उआ म्हणजे हापिसाचे वडील. सासरे, पण मी लहानपणापासून त्यांना उआच, म्हणजे बाबा, म्हणतो. चाळीस वर्षं बुड्या मारून त्यांचा डावा कान गेलाय आणि उजवा जायच्या बेतात आहे. नर्सबाईंनी त्यांना पाण्याखाली जायची सक्त मनाई केलीय. दिवसभर जाळी विणतात आणि मला टोमणे मारतात.

१५ ऑक्टोबर

आजचा दिवस वाईट.

सकाळी नर्स इर्मावती समोरच्या बेटावरून आल्या. हापिसाचं पोट चाचपलं, त्यांचं ते छोटं यंत्र लावलं आणि म्हणाल्या, "बाळाचं डोकं वर आहे. पायाळू." अजून वळायला वेळ आहे, पण नाही वळलं तर इस्पितळात जावं लागेल. पश्चिमेचा वारा सुटायच्या आत.

मी म्हटलं, बघू.

इस्पितळाचं नावही मला नको. दोन वर्षांपूर्वी तिथे आमचा मुलगा झाला आणि तीन दिवसांनी गेला. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, मी त्यांना बोल लावत नाही. पण बाळामागून पडणारी वार? आमच्यात वार म्हणजे बाळाचं थोरलं भावंड. ते करवंटीत घालून घराखालच्या पाण्यात सोडायचं, मग ते जन्मभर पाण्यातून धाकट्याला सांभाळतं. मी मागायला गेलो तेव्हा तिथली बाई म्हणाली, ती काल जाळली, नियमच आहे. त्यानंतर दोन दिवसांनी मुलगा गेला. मला कुणी काही सांगू नये. सांभाळणारंच कुणी नव्हतं त्याला.

आमची सुईण म्बो सायरा म्हणाली, तेल लावून हळूहळू वळवून बघते. मला तिचाच आधार वाटतो.

दुपारी कामावर गेलो तर अकरा नंबर उलटं पडलेलं. विसांतलं ते सगळ्यात मोठं, तपकिरी, कडेला जांभळी झाक असलेलं. कासवाने ढकललं असेल नाहीतर कुणाचा तरी नांगर लागला असेल. तोंड वाळूत आणि काटे वर. पाण्यात लटकून बघतच राहिलो. आजच उलटं व्हायचं होतं याला?

१९ ऑक्टोबर

सात नंबरही त्याच दिवशी उलटं झालं होतं, ते आज सुलटं आहे! मी आता रोजच बुडी मारतोय. परवा गेलो तेव्हा एका बाजूने अंग फुगवून बसलं होतं, रबरी पिशवीत पाणी भरावं तसं. काल एका कडेवर उभं राहिलेलं. आज नीट पाठीवर, तोंड वर. वाळूत ओढल्याचा अर्धगोल व्रण आहे. कुणीही न ढकलता, हातपाय नसलेला जीव स्वतःच्या बळावर वळला. मला तर पाण्याखालीच ओरडावंसं वाटलं.

अकरा नंबर मात्र तसंच. ते जड आहे, शिवाय खळग्यात पडलंय.

लिहू की नको असं झालंय, पण ही वही कोण वाचणार आहे? मी आज समुद्रातल्या आमच्या पूर्वजांपाशी बोललो. अकरा नंबर आपणहून वळलं, तर बाळही वळेल, आणि बाळंतपण घरीच होईल. नाही वळलं तर जाईन इस्पितळात, मुकाट्याने.

माझा हात दोनदा पुढे झाला. बोटभर उचललं असतं की झालं. पण मीच वळवायचं तर ती खूण कसली?

२० ऑक्टोबर

तसंच आहे.

२२ ऑक्टोबर

तसंच आहे. खालच्या काट्यांवर वाळू साचायला लागलीय. म्बो सायराने आजही तेल लावलं. बाळ लाथा मारतं पण वळत नाही.

हापिसाने कंदाची उकड केली होती आणि भाजलेला मासा. मला गिळवेना. ती म्हणाली, "प्रवाळाला भूक नाही म्हणून तू पण उपाशी का?" मी म्हटलं, पोट बरं नाही.

२४ ऑक्टोबर

आज उआंना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण चार दिवस मी पानावरून उठून जातोय हे त्यांनी पाहिलंय. त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि अकरा नंबर, खूण, सगळं बोलून टाकलं. वाटलं, टोमणा येईल. आला नाही. जाळ्याची गाठ मारता मारता त्यांनी एवढंच विचारलं, "किती पाण्यात आहे?"

"चार पुरुष."

"आणि खुंटी कुठल्या रंगाची?"

मी म्हटलं, लाल. त्यांना काय करायचंय रंगाशी, पण म्हाताऱ्या माणसांना अशा चौकशांत रस असतो.

घरात आलो तर हापिसा एक पिशवी भरत होती. दोन लुंग्या, बाळाची दुपटी, साबण. मी विचारलं तर म्हणाली, आवराआवर करतेय. तिला काहीतरी बोलायचं होतं. "आन्दार, ऐक ना," असं दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी होडीचं यंत्र बघायला बाहेर गेलो. यंत्राला काही झालेलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर

वळलं!

अकरा नंबर वळलं! नीट, तोंड वर, खळग्याच्या बाहेर सपाट वाळूवर. उतरताना दिसलं आणि श्वासच सुटला माझा, वर येऊन पुन्हा बुडी मारावी लागली. इतके दिवस वाळूत दबूनही जिवंत आहे. पात्यांमधून मऊ अंग बाहेर आलंय, रंग जरा फिका, पण भरेल.

कडेचे तीन-चार दात मोडलेत, मोठ्या माशाने चावा घेतला असेल. सात नंबरसारखा ओढल्याचा व्रण दिसला नाही, पण लाटेने पुसला असणार. पुढच्या बाजूला सगळं व्यवस्थित लिहिलंय.

धावतच घरी आलो. आधी उआ भेटले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ! उगाच उपाशी राहिलास." त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, जाळ्याच्या दोऱ्याने कापलं म्हणे. कानात कापूसही होता. या वयात थंडी बाधते त्यांना. मी म्हटलं, जरा जपा. आज पोटभर जेवलो, दोनदा वाढून घेतलं. हापिसा माझ्याकडे बघत बसली होती. तिला खुणेचं सांगितलं तेव्हा ती नुसतं "हं" म्हणाली.

३० ऑक्टोबर

नर्सबाई आल्या होत्या. म्हणतात डोकं अजून वरच आहे. मी म्हटलं, वळेल, आता काळजी नाही.

"कशावरून?"

मी सांगितलं नाही. शिकलेल्या बाईला काय कळणार त्यातलं. त्या म्हणाल्या, "आन्दार, पुढच्या आठवड्यात निघायला हवं. मी तिकडे कळवून ठेवते." मी म्हटलं, आमचं घरीच ठरलंय. त्या चिडल्या. हापिसा त्यांना पोचवायला फळीवरून धक्क्यापर्यंत गेली आणि बराच वेळ आली नाही. दोघी काय बोलत होत्या कोण जाणे. बायकांच्या गोष्टी.

उआ आज एकही टोमणा न मारता जेवले.

३ नोव्हेंबर

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. ती आत आहे, लिहिलं नाही तर मी भिंतीवर डोकं आपटीन.

दुपारी जेवणं झाल्यावर हापिसाचं पाणी गेलं. तीन आठवडे आधीच. म्बो सायरा आली, तपासलं आणि तिचा चेहराच उतरला. "हाताला पाय लागतोय रे."

मी म्हटलं, "वळेल. अकरा नंबर वळलंय."

"कोण अकरा नंबर?"

"तुम्ही फक्त थांबा थोडं. खूण मिळालीय मला. वळणार ते."

उआ दारात उभे होते. एरवी त्यांना निम्मं ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू आलं. केवढ्याने ओरडले, "अकरा नंबर मी वळवलं!"

मला कळेचना.

"मी वळवलं, मी! या हातांनी! तू जेवत नव्हतास, झोपत नव्हतास. म्हटलं, पोराच्या जिवाला जरा बरं वाटेल. तू त्या दगडावर माझी पोरगी पणाला लावशील हे मला काय माहीत? होडी काढ!"

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. लिहायची लाज वाटते, पण गेलो. साठी उलटलेल्या माणसाची गचांडी धरली. ते हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "नंतर मार. आधी होडी काढ."

मागून हापिसाचा आवाज आला. कळ नुकतीच ओसरली होती. "तुमचं दोघांचं झालं असेल तर मला होडीत बसवा. पिशवी दाराशी आहे."

ओहोटी लागली होती. खडकावर गुडघाभरही पाणी नव्हतं, यंत्र चालवलं असतं तर पंख्याचं पातंच तुटलं असतं. मी पुढून ओढत होतो, उआ मागून ढकलत होते. हापिसा मी काढून दिलेल्या शर्टाची बाही दातांत धरून पडली होती. म्बो सायरा तिला धरून बसलेली. पाऊण तास तसं ढकलत नेलं. मी मागे वळून एकदाही त्यांच्याशी बोललो नाही. खोल पाणी लागलं तेव्हा ते होडीत चढले आणि सुकाणू धरून बसले, कारण वाऱ्यात इस्पितळाकडे जाणारी खाडी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. तीन तास. डोळे मिटले की अजून तिचं ओठ चावणं दिसतंय.

आम्ही पोचताच धक्क्यावर खाट घेऊन माणसं धावत आली. नर्सबाईंनी कळवून ठेवलं होतं. मी नको म्हटलं असूनही कळवलं होतं.

आत नेलं तिला. पोट कापावं लागेल म्हणाले. सही कर म्हणाले. केली.

४ नोव्हेंबर

मुलगी.

दोन किलो शंभर. लाल, सुरकुतलेली, आवाज मात्र एवढा की बाहेर बाकावर ऐकू आला. हापिसा ठीक आहे. अर्धवट झोपेतच हसली माझ्याकडे बघून.

मग एक बाई बाहेर आली आणि माझ्या हातात झाकण लावलेली करवंटी दिली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. म्हणाली, "तुमच्या बायकोने चिठ्ठी पाठवली होती. वार तुम्हाला द्यायची, म्हणून जपून ठेवलीय."

करवंटी पिशवीतच होती. दुपट्यांच्या खाली, फडक्यासकट, हापिसाने घासून ठेवलेली. चिठ्ठी नर्सबाईंकडून लिहून घेतलेली. हे सगळं तिने माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत केलं आणि मी यंत्र बघत बसलो होतो. तिला नंतर विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "दोनदा सांगायला घेतलं होतं." मी तिच्या हातावर डोकं टेकून रडलो. तिने मला रडू दिलं. टाके दुखतात म्हणून हसवू नकोस, एवढंच म्हणाली.

उआ आत आले नाहीत. खिडकीतून नातीला बघितलं आणि बाहेर जाऊन बसले. मी त्यांच्यासाठी भात घेऊन गेलो, बाकावर ठेवला आणि परत आलो. बोलवेना मला. राग आहे का? आहे. त्यांनी मला फसवलं म्हणून आहे, आणि ते खरं बोलले नसते तर आज काय झालं असतं, याचाही आहे. त्याचा राग कुणावर काढायचा? माझ्यावरच काढायला हवा, पण तो हाताशी येत नाही.

६ नोव्हेंबर

इस्पितळातल्या डॉक्टरने उआंचा कान बघितला. दुखतोय म्हणून तेच हळूच विचारायला गेले होते, मी योगायोगाने तिथे होतो. पडदा फाटलाय. ताजं आहे, पंधरवड्याच्या आतलं. डॉक्टर त्यांना रागावला, "आजोबा, या वयात बुडी? किती खोल?"

"चार पुरुष," उआ म्हणाले. "एका बुडीत होईना. जड होतं. पाच लागल्या."

डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं. बोटांच्या चिंध्या, कापूस, मोडलेले दात, पुसलेला व्रण. सगळं मीच या वहीत लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही. उरलेला एक कान त्यांनी माझ्या जेवणासाठी घालवला.

मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. म्हटलं, "चला, पाऊस यायच्या आत औषध घेऊ." ते म्हणाले, "काय?" मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, "काय?" मग हाताने खूण केली.

११ नोव्हेंबर

काल घरी आलो. आज सकाळी ओहोटीला वार सोडली.

ते बापाचं काम. करवंटी दोन्ही हातांत धरून शिडीने उतरायचं, मुख्य खांबापाशी पाण्यात ठेवायची, वर दगड ठेवायचा आणि मुकाट्याने परत यायचं. सगळे फळीवर जमले होते. शेजारच्या घरांच्या खिडक्यांतून बायका डोकावत होत्या. हापिसा मुलीला घेऊन दारात बसली होती. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, खांबापाशी गेलो आणि तिथेच थांबलो. वर बघितलं. उआ सगळ्यांच्या मागे उभे होते.

मी म्हटलं, "उआ, तुम्ही सोडा."

त्यांना ऐकू गेलं नाही. कुणीतरी त्यांना पुढे ढकललं. ते शिडीवरून उतरून माझ्यापाशी आले. मी करवंटी त्यांच्या हातात दिली. ते घेईनात. "बापाचं काम आहे. तू सोड."

"तुम्हीच सोडा. माझा तुमच्यावर राग नाही."

"काय?"

"राग नाही माझा!"

"काय म्हणतोस?"

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "माझा तुमच्यावर राग नाही! तुम्ही माझे बाप आहात! तुमच्यामुळे त्या दोघी घरी आल्या!" खिडकीतली एक म्हातारी म्हणाली, "अहो, राग नाही म्हणतोय तो!" माझ्या तोंडावर समुद्राचं की कसलं पाणी होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

उआंनी करवंटी घेतली. खाली वाकले, वाळूत नीट टेकवली, वर दगड ठेवला. बराच वेळ हात दगडावरच होता. मग उभे राहिले आणि माझ्या कानाशी तोंड आणून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं रे. पण दोन-तीनदा ऐकावंसं वाटलं."